एबीएल१ आणि त्याचे टी३१५आय रूप: ग्राफ न्यूरल नेटवर्क दोघांनाही तंतोतंत एकच आकडा का देते?

अबोली (प्रश्न)

नमस्कार.

मी जैवमाहितीशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. औषधाचा रेणू एखाद्या प्रथिनाला किती घट्ट धरून बसेल, याचा अंदाज ग्राफ न्यूरल नेटवर्कच्या (बिंदू आणि रेषांच्या जाळ्यावरून शिकणाऱ्या संगणकीय मॉडेलच्या) साहाय्याने बांधणे हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. (‘आलेख’ म्हटले की डोळ्यांसमोर शेअर बाजाराची वरखाली जाणारी रेघ येते, म्हणून इथे ‘ग्राफ’ असेच लिहिते.) २०२१ साली ‘बायोइन्फर्मॅटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेली ग्राफडीटीए ही पद्धत मी पाया म्हणून घेतली आहे. तीत औषधाचा रेणू ग्राफच्या रूपात मांडतात, म्हणजे अणू हे बिंदू आणि रासायनिक बंध या त्यांना जोडणाऱ्या रेषा. प्रथिन मात्र अमिनो आम्लांची सरळ अक्षरमाला म्हणूनच आत जाते. दोन्हीकडून निघालेले सदिश (आकड्यांच्या याद्या) शेवटी एकत्र जोडून एक आकडा काढला जातो.

प्रशिक्षणासाठी मी डेव्हिस संच वापरला. त्यात ६८ औषधरेणू आणि ४४२ कायनेज प्रथिने (इतर रेणूंना फॉस्फेट जोडणारी विकरे) यांच्या सगळ्या, म्हणजे ३०,०५६ जोड्यांचे मोजलेले विघटन स्थिरांक आहेत. ते ऋण लॉगरिदम घेऊन वापरले जातात, त्यामुळे आकडा जितका मोठा तितकी पकड घट्ट. माझी सरासरी वर्गत्रुटी मूळ निबंधातल्या सर्वोत्तम ०.२२९ या आकड्याच्या अगदी जवळ आली आणि मार्गदर्शक सरांनी लिखाणाला लागण्यास सांगितले. लिखाणापूर्वी सहज म्हणून ओळखीच्या दोन उदाहरणांवर मॉडेल चालवून पाहिले आणि तिथे घोटाळा झाला.

पहिले उदाहरण इमॅटिनिबचे. हे औषध एबीएल१ या कायनेजला घट्ट बांधले जाते, पण त्या प्रथिनातील ३१५ व्या जागेवरचे थ्रिओनिन जाऊन तिथे आयसोल्यूसिन आले, की औषध निकामी होते, हे पाठ्यपुस्तकात आहे. डेव्हिस संचात हे टी३१५आय (टी म्हणजे थ्रिओनिन, आय म्हणजे आयसोल्यूसिन) रूपही आहे. माझ्या मॉडेलने मात्र दोन्ही रूपांना सहाव्या दशांश स्थळापर्यंत तोच आकडा दिला. दुसरे उदाहरण क्षयरोगाचे. आयसोनियाझिड आणि क्षयजंतूचे आयएनएचए हे विकर यांची जोडी दिली, तर उत्तर पाचाच्या आसपास आले, म्हणजे जवळजवळ बंधनच नाही.

माझ्या प्रोग्राममध्ये चूक आहे का? नेटवर्कचे थर वाढवावेत का? की प्रथिनाचाही ग्राफ करायला हवा? कृपया मार्गदर्शन करावे.

षट्कोन

अबोली, सहाव्या दशांश स्थळापर्यंत आकडा जुळतो, तेव्हा मॉडेलच्या आकलनशक्तीबद्दल शंका घेण्याआधी त्याच्यापुढे काय ठेवले आहे ते पाहावे. तुमच्या फाइलमधील एबीएल१ची अक्षरमाला आणि टी३१५आय या नोंदीची अक्षरमाला एकाखाली एक छापून बघा. माझ्या अंदाजाने त्या एकसारख्याच निघतील.

याचे कारण असे. मूळ मोजमापे २०११ सालची आहेत. तेव्हा ७२ संयुगे ४४२ कायनेजवर तपासली होती, आणि त्या ४४२ मध्ये एकाच जनुकाची अनेक रूपे होती: उत्परिवर्तित रूपे, फॉस्फेट जोडलेली व न जोडलेली रूपे, आणि एकाच प्रथिनाचे दोन निरनिराळे भाग. एकट्या एबीएल१ची दहाहून अधिक रूपे त्यात आहेत. पुढे हा संच डीपडीटीएसारख्या (ग्राफडीटीएच्या आधीच्या) पद्धतींसाठी सोयीस्कर फाइलींत बांधला गेला, तेव्हा ६८ संयुगे राहिली आणि प्रत्येक नोंदीपुढे त्या जनुकाची मूळ, न बदललेली अक्षरमाला चिकटवली गेली. म्हणून नोंदी ४४२ असल्या, तरी वेगळ्या अक्षरमाला मोजल्यास ३७९ च भरतात. काही सॉफ्टवेअर लायब्ररी हा संच ६८ गुणिले ३७९, म्हणजे २५,७७२ जोड्यांचा म्हणून देतात, त्याचे मूळ इथेच आहे. प्रयोगशाळेत ज्या दोन नळ्या वेगळ्या होत्या, त्या फाइलीत एक झाल्या. मॉडेलला एकच प्रश्न दहा वेळा विचारायचा आणि दर वेळी निराळे उत्तर बरोबर म्हणून सांगायचे, तर ते बिचारे त्या उत्तरांची सरासरी पाठ करण्यापलीकडे काय करणार?

याहून एक चमत्कारिक गोष्ट अशी, की ग्राफडीटीएच्या मूळ प्रोग्राममध्ये प्रथिनाची अक्षरमाला पहिल्या १,००० अमिनो आम्लांनंतर छाटली जाते. एएलके हे प्रथिन १,६२० अमिनो आम्लांचे आहे आणि त्याचा कायनेज भाग सुमारे १,११६ व्या जागेपासून सुरू होतो. म्हणजे क्रिझोटिनिब हे औषध प्रथिनाच्या ज्या खोबणीत जाऊन बसते, ती खोबण मॉडेलने कधी पाहिलेलीच नसते. पार्किन्सनच्या आजाराशी निगडित असलेले एलआरआरके२ तर २,५२७ अमिनो आम्लांचे. त्याचे प्रसिद्ध उत्परिवर्तन २,०१९ व्या जागी आहे, तेही छाटणीत गेले. आणि तरीही या प्रथिनांवरचे अंदाज बरे येतात! खोबण न पाहता बंधनाचा अंदाज बरोबर येत असेल, तर तो अंदाज खोबणीवरून आलेला नाही, एवढे तरी मान्य करावे लागेल.

मग ०.२२९ येतो कुठून? जोड्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकून होते, त्यातून. सहा भागांपैकी पाच प्रशिक्षणाला आणि एक चाचणीला, अशी वाटणी धरली, तर प्रत्येक औषधाच्या ४४२ मोजमापांपैकी सुमारे ३६८ मॉडेलने आधीच पाहिलेली असतात. चाचणीतील प्रत्येक औषध ओळखीचे आणि प्रत्येक प्रथिनही ओळखीचे. नवी असते ती फक्त त्यांची जोडी. स्टॉरोस्पोरिन हा रेणू दिसेल त्या कायनेजला चिकटतो आणि लॅपॅटिनिब हे औषध मोजक्यांनाच, एवढे लक्षात ठेवले तरी अर्धे काम होते. त्यात या संचातील सुमारे ७० टक्के मूल्ये नेमकी ५ आहेत, कारण १० मायक्रोमोलरपर्यंत ज्यांचे बंधन मोजता आले नाही, त्या सगळ्यांना तोच आकडा देऊन टाकला आहे. मॉडेलने बहुतेक ठिकाणी ‘पाच’ म्हटले, तरी सरासरी त्रुटी खाली येते.

आणि आपण ज्याला ग्राफ न्यूरल नेटवर्क म्हणतो, त्याने इथे एकंदर किती ग्राफ पाहिले? अडुसष्ट. तीस हजार हा आकडा जोड्यांचा आहे, रेणूंचा नव्हे. अडुसष्ट रेणूंवरून रसायनशास्त्र शिकता येत नाही; अडुसष्ट चेहरे मात्र सहज लक्षात राहतात. ग्राफ इथे बहुधा नावाच्या पाटीचे काम करतो आहे.

हे पडताळणे सोपे आहे. प्रत्येक औषधाचा ग्राफ काढून टाका आणि त्याच्या जागी एक यादृच्छिक पण कायमचा सदिश ठेवा, ज्यात रसायनशास्त्राचा अंशही नसेल. त्याच वाटणीवर पुन्हा प्रशिक्षण द्या. त्रुटी फारशी वाढली नाही, तर तुमचा ग्राफ काम करत नव्हता. नंतर वाटणी बदला: काही औषधे प्रशिक्षणातून पूर्ण वगळून फक्त त्यांच्यावर चाचणी घ्या, मग काही प्रथिने तशीच वगळा, आणि ती वगळताना त्यांची जवळची भावंडेही वगळा, नाहीतर एक गेले तरी त्याच्यासारखे दुसरे मॉडेलला चुगली करतेच. शिवाय ज्यांचे मूल्य ५ हून जास्त आहे, केवळ त्या जोड्यांवरची त्रुटी वेगळी काढा.

थर वाढवण्याबद्दल थोडक्यात: प्रत्येक थरात अणू आपल्या शेजाऱ्यांकडून निरोप घेतो, म्हणून तीन थरांत त्याला तीन बंधांपर्यंतची खबर मिळते. थर वाढवले तर परीघ वाढतो, पण एका मर्यादेनंतर सगळे अणू एकसारखेच दिसू लागतात. तुमची अडचण इथे नाही.

सांख्यिक

षट्कोन यांचे निदान बरोबर आहे, पण सूर थोडा एकांगी वाटला. केवळ रेणूकडे पाहणारे ग्राफ नेटवर्क निरुपयोगी असते असे नाही. २०२० साली एमआयटीतील गटाने २,३३५ रेणूंवर असेच एक नेटवर्क शिकवले आणि औषधांच्या एका मोठ्या संग्रहातून हॅलिसिन हे प्रतिजैविक शोधून काढले, जे मुळात मधुमेहासाठी अभ्यासले गेलेले संयुग होते. पण तिथे विचारलेला प्रश्न ‘हा रेणू ई. कोलायची वाढ रोखतो का’ असा होता. प्रथिन त्या प्रश्नात नव्हतेच, त्यामुळे ते उत्तरात नसल्याची तक्रारही उद्भवत नाही. अबोली यांचा प्रश्न जोडीचा आहे, आणि जोडीच्या प्रश्नाला एकट्याचे उत्तर दिले जाते, ही खरी अडचण आहे.

दुसरे असे, की त्रुटी किती कमी असावी यालाही मर्यादा असते. ०.२२९ चे वर्गमूळ सुमारे ०.४८ येते. वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी त्याच जोडीची घेतलेली मोजमापे एकमेकांशी ताडून पाहणारा एक अभ्यास २०१२ साली झाला होता. त्यात सार्वजनिक संचांमधील मूल्यांची अनिश्चितता प्रमाण विचलनाच्या हिशेबाने सुमारे ०.५४ लॉग एकक निघाली. डेव्हिस संच एकाच पद्धतीने मोजलेला असल्याने त्यातील गोंधळ कमी असेल, हे खरे. पण पुढे तुम्ही बाइंडिंगडीबी किंवा केंबल या सार्वजनिक संग्रहांमधून निरनिराळ्या निबंधांचे आकडे गोळा कराल, तेव्हा याहून कमी त्रुटी दिसली तर आनंदाने उड्या मारू नका. उत्तरपत्रिका कुठून फुटली ते शोधा.

अबोली

दोघांचेही मनापासून आभार. अक्षरमाला छापून पाहिल्या. त्या खरोखरच एकसारख्या आहेत, ३१५ व्या जागी दोन्हीकडे थ्रिओनिनच आहे. इतके महिने ही फाइल वापरूनही ती उघडून वाचावी असे मला सुचले नाही, याची लाज वाटते.

यादृच्छिक सदिशाचा प्रयोगही केला. जुन्या वाटणीवर, ग्राफ काढून टाकल्यानंतरही त्रुटीत नजरेत भरेल असा फरक पडला नाही. उलट औषधे वगळून केलेल्या वाटणीवर ग्राफ असलेले मॉडेलही पार कोसळले, आणि पाचाहून मोठ्या मूल्यांवर तर जवळजवळ प्रत्येक अंदाज प्रत्यक्षापेक्षा खाली आला. सरांना हे दाखवले, तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, की प्रबंधात हेच लिहा.

दोन शंका उरतात. मी टी३१५आयची योग्य अक्षरमाला स्वतः दुरुस्त करून घातली, तर मॉडेल इमॅटिनिबचा फरक ओळखेल का? आणि आयसोनियाझिडचे काय? तिथे तर फाइलीची चूक नाही.

स्फटिक

मी प्रथिनांच्या स्फटिकरचनांवर काम करतो, नेटवर्कमधले मला बेताचेच कळते. त्यामुळे खोबणीच्या बाजूने काय दिसते ते सांगतो.

इमॅटिनिबला अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळाली, आणि त्याच वर्षी टी३१५आयमुळे येणाऱ्या प्रतिकाराचा निबंधही आला. ३१५ वे थ्रिओनिन खोबणीच्या तोंडाशी चौकीदारासारखे उभे असते. त्याच्या हायड्रॉक्सिल गटाशी इमॅटिनिबचा एक नायट्रोजन हायड्रोजन बंध करतो. आयसोल्यूसिनकडे हायड्रॉक्सिल नाही, म्हणजे बंध गेला. शिवाय त्याची बाजूची साखळी अंगाने थोराड, म्हणजे वाटही अडली. निलोटिनिब आणि डॅसॅटिनिब ही नंतरची औषधेही याच चौकीवर अडकतात. २०१२ साली मान्यता मिळालेल्या पोनॅटिनिबमध्ये त्या जागी कार्बन-कार्बन तिहेरी बंधाची सरळ, सडपातळ कांडी ठेवली आहे, ती आयसोल्यूसिनच्या अंगाला न घासता आत शिरते.

आता हे सगळे अक्षरमालेतून कसे दिसेल? हजार अक्षरांपैकी एक अक्षर बदलले. त्या एका अक्षराने इमॅटिनिबची पकड सुटावी, आणि शेजारचे दुसरे एखादे अक्षर बदलले तर काहीच होऊ नये. हा फरक शिकवायला नेटवर्कला एकतर अशी शेकडो उत्परिवर्तने दाखवावी लागतील, किंवा ते अक्षर जागेवर कुठे उभे आहे आणि औषधाचा कोणता अणू त्याच्यासमोर येतो, हे सांगावे लागेल. अक्षरमाला दुरुस्त करा जरूर, कारण चुकीची फाइल चुकीचीच. पण आकडे वेगळे आले म्हणून मॉडेलला कारण कळले असे समजू नका. ते तपासायचे असेल, तर खोबणीपासून दूरच्या एखाद्या जागी असाच बदल करून पाहा. तिथेही आकडा तितकाच हलला, तर तो नुसता थरथरतो आहे.

प्रथिनाचा ग्राफ करावा का, असे तुम्ही विचारले होते. अमिनो आम्ले हे बिंदू आणि जी अवकाशात एकमेकांपासून, उदाहरणार्थ, ८ अँगस्ट्रॉमच्या आत आहेत त्यांच्यात रेषा, असा ग्राफ करता येतो, आणि अल्फाफोल्डच्या संग्रहात २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या अनुमानित रचना असल्याने सामग्रीही आहे. पण कायनेज हे स्थिर शिल्प नव्हे. इमॅटिनिब एबीएल१च्या निष्क्रिय घडणीला धरते, ज्यात डीएफजी नावाने ओळखला जाणारा तीन अमिनो आम्लांचा तुकडा बाहेर वळलेला असतो. एसआरसी हे कायनेज एबीएल१चे जवळचे नातलग; औषधाला स्पर्श करणारी अमिनो आम्ले दोघांत जवळजवळ तीच, बांधलेल्या अवस्थेतील रचनाही सारखीच दिसते, आणि तरी इमॅटिनिबची एसआरसीवरची पकड हजार पटींहून अधिक सैल आहे. फरक प्रथिन कोणकोणत्या घडणींत वावरते आणि औषध बसल्यावर कसे वळते, यात आहे. एका छायाचित्रावरून केलेल्या ग्राफमध्ये तो येत नाही. फिशरने १८९४ साली कुलूप-किल्लीची उपमा दिली, ती शिकवायला अजूनही चांगली आहे. इथे मात्र कुलूप स्वतःच हलते.

आयसोनियाझिडबद्दल तर तुमच्या मॉडेलला मी दोष देणार नाही. त्याचे उत्तर एका अर्थी बरोबर आहे! आयसोनियाझिड स्वतः आयएनएचएला बांधलेच जात नाही, निदान औषध म्हणून उपयोगी पडेल असे नाही. हायड्रोजन सोडून अवघ्या १० अणूंचा हा रेणू जंतूच्या आत जातो, तिथे कॅटजी हे विकर त्याला तोडून क्रियाशील करते, तो तुकडा एनएडी या सहविकराशी जोडला जातो, आणि तो जोड-रेणू आयएनएचएच्या खोबणीत बसतो. म्हणजे तुम्ही ज्या रेणूचा ग्राफ दिला, तो घटनास्थळी हजरच नव्हता. आयसोनियाझिडला होणाऱ्या प्रतिकारात सर्वांत जास्त आढळणारा बदल आयएनएचएमध्ये नसून कॅटजीमध्ये आहे: सेरीन जाऊन थ्रिओनिन. योगायोग असा, की त्याचीही जागा ३१५ च.

षट्कोन

स्फटिक यांनी प्रथिनाची बाजू मांडली, तर रेणूच्या बाजूचे एक गाऱ्हाणे मीही नोंदवतो. ग्राफडीटीएमध्ये प्रत्येक अणूचे वर्णन ७८ आकड्यांत केलेले असते: मूलद्रव्य, शेजाऱ्यांची संख्या, हायड्रोजनांची संख्या, संयुजा आणि सुगंधी वलयात आहे की नाही. बंध एकेरी की दुहेरी हे रेषांवर लिहिलेले नसते, आणि रेणूची डावी-उजवी ठेवणही कुठे नोंदवलेली नसते. आपल्याकडे सर्दी-शिंकांसाठी घराघरांत असलेली लेव्होसेटिरिझिन ही सेटिरिझिनच्या दोन आरशातल्या रूपांपैकी एक. हिस्टामिनच्या एच१ ग्राहीला ती दुसऱ्या रूपापेक्षा कितीतरी पटींनी घट्ट बांधली जाते. या ग्राफमध्ये मात्र दोन्ही रूपे एकच.

शुद्ध गणिती बाजूनेही एक मर्यादा आहे. डेकॅलिनमध्ये दोन षट्कोनी वलये एका भिंतीने जोडलेली असतात आणि बायसायक्लोपेंटिलमध्ये दोन पंचकोनी वलये एका बंधाने. दोघांतही दहा कार्बन, दोघांतही अकरा कार्बन-कार्बन बंध, आणि प्रत्येक अणूला दिसणारे शेजारी हुबेहूब सारखे. केवळ शेजाऱ्यांचे निरोप ऐकणारे नेटवर्क, कितीही थर दिले तरी, या दोन रेणूंत फरक करू शकत नाही. अणूच्या वर्णनात वलयाचा आकार घातला, की ही अडचण चुटकीसरशी सुटते, म्हणून तो घाला. ठेवणीची खूणही घाला.

अबोली

आयसोनियाझिडचे वाचून मी हसले आणि मग स्वतःवरच चिडले, कारण कॅटजीचा भाग मी पदवीला परीक्षेत लिहिलेला आहे. प्रोग्राम लिहिताना तो आठवला नाही.

आता असा विचार आहे, की औषध आणि प्रथिन वेगवेगळे न देता, बांधलेल्या अवस्थेतील त्रिमितीय रचनेवरूनच एक ग्राफ करावा, ज्यात औषधाचे अणू आणि खोबणीचे अणू दोन्ही असतील आणि जवळच्या अणूंमध्ये रेषा असतील. यासाठी पीडीबीबाइंड हा बांधलेल्या रचना आणि त्यांच्या मोजलेल्या पकडीचा संच घ्यावा म्हणते. त्यात तरी पाठांतराची सोय नसेल ना?

सांख्यिक

आहे, आणि भरपूर आहे. पीडीबीबाइंडच्या २०२० च्या आवृत्तीत प्रथिन आणि लहान रेणू यांच्या १९,४४३ रचना आहेत. प्रचलित चाचणी संच सीएएसएफ-२०१६ हा २८५ रचनांचा, ५७ प्रथिन-गटांतून प्रत्येकी पाच रचना घेऊन केलेला. पण त्या ५७ गटांतील प्रथिनांचे भाऊबंद प्रशिक्षण संचात मुबलक आहेत. २०२२ साली ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मध्ये आलेल्या एका निबंधात स्ट्रासबर्गच्या संशोधकांनी तुम्ही केलात तसाच प्रयोग केला होता: दोघांमधील आंतरक्रिया काढून टाकल्या, नुसता रेणू दिला, मग नुसते प्रथिन दिले. आंतरक्रिया दिलेल्या मॉडेलला त्यांच्यापेक्षा म्हणावा तसा फायदा दिसला नाही. पुढच्या वर्षी बॉन विद्यापीठातील बायोरात यांच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात सहा ग्राफ नेटवर्कची चिरफाड करून, अंदाज कोणत्या रेषांच्या आधारे केला जातो हे पाहिले गेले, आणि बहुतांश भर प्रथिन-रेणूंमधल्या रेषांवर नसून रेणूच्या आतल्या रेषांवर आढळला. मात्र घट्ट बंधनांच्या बाबतीत काही मॉडेल आंतरक्रियांकडे जास्त लक्ष देऊ लागतात, असेही त्यांना दिसले. म्हणून सगळेच पाठांतर असा शिक्का मी मारणार नाही.

२०२५ साली झुरिकच्या संशोधकांनी पीडीबीबाइंडमधून चाचणी संचाशी मिळत्याजुळत्या रचना वगळून ‘क्लीनस्प्लिट’ ही वाटणी तयार केली. सीएएसएफमधील जवळजवळ निम्म्या रचनांना प्रशिक्षण संचात जुळे सापडले होते, आणि ती जुळी काढल्यावर काही नावाजलेल्या मॉडेलांची कामगिरी बरीच घसरली. तुम्ही त्रिमितीय मार्गाने जाणार असाल, तर सुरुवातच या वाटणीवर करा. आणि तुलनेसाठी मॉर्गन ठसे (रेणूतील तुकड्यांची शून्य-एकची यादी) व रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांची सरासरी) ही साधी जोडगोळी शेजारी उभी ठेवा. १९६५ सालच्या कल्पनेवर बेतलेल्या त्या ठशांना ग्राफ नेटवर्कने हरवले नाही, तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

स्फटिक

आयएनएचए सोडून देऊ नका, एवढीच विनंती. कॅटजीच्या मदतीविना त्याला थेट बांधले जाणारे रेणू आहेत. साबणांत वापरले जाणारे ट्रायक्लोसान हे त्यांतील ओळखीचे, आणि त्याच्या बांधलेल्या रचना प्रोटीन डेटा बँकेत मिळतात. तुमच्या मॉडेलसाठी आयसोनियाझिडपेक्षा ती कसोटी अधिक न्याय्य आहे.

त्या रचना उघडाल तेव्हा एक पथ्य पाळा. खोबणीत ट्रायक्लोसानच्या खाली एनएडीचे निकोटिनामाइड वलय पसरलेले दिसेल. ट्रायक्लोसान त्याच्यावर रचून बसते, आणि त्याचा हायड्रॉक्सिल गट १५८ व्या टायरोसिनशी आणि एनएडीच्या शर्करेशी हायड्रोजन बंध करतो. म्हणजे इथे खोबणीची एक भिंत प्रथिनाची नसून एनएडीची आहे. रचना साफ करणारे अनेक तयार प्रोग्राम, पाण्याचे रेणू काढताना, अमिनो आम्ल नसलेले सारे काही झाडून टाकतात, आणि त्यात एनएडीही जाते. ग्राफ बांधण्यापूर्वी प्रोग्राममधली ती ओळ शोधा आणि एनएडी रचनेत राहील असे करा.